पोहोचायची वेळ कुणालाही सांगू नका

एका आईचा प्रश्न आहे. मोठा मुलगा ४ वर्षांचा, धाकटी ९ महिन्यांची. आजीने धाकटीला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, म्हणून ६४० किलोमीटर गाडीने माहेरी जायचं ठरलंय. नकाशात ११ तास दाखवतात. नवऱ्याचं म्हणणं, ऑफिसातून येऊन आवरून रात्री ११ला निघू, मुलं झोपतील, सकाळी १०ला दारात. मोठ्याला गाडी लागते. धाकटी बाळांच्या कार सीटमध्ये बांधली की भोकाड पसरते. तर रात्री निघावं का, उलटीचं औषध द्यावं का, आणि फारच रडायला लागली तर थोडा वेळ मांडीवर घेतलं तर चालेल का?

तिन्हींची उत्तरं देतो, पण आधी न विचारलेली एक गोष्ट. ‘सकाळी १०ला येतो’ असं आजीला फोनवर सांगून झालं असेल, तर आजच पुन्हा फोन करा आणि ते शब्द मागे घ्या.

मी गेली २५ वर्षं लहान मुलांना तपासतोय आणि प्रवासातल्या भानगडी ऐकतोय. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा रस्ता नसतो, गाडी नसते आणि मूल तर नसतंच. कुणाला तरी दिलेली वेळ असते. वेळ दिली की थांबे गळतात. थांबे गळले की मूल चिडतं. मूल चिडलं की पट्टा सुटतो. हे मला दुसऱ्यांवरून कळलेलं नाही. माझी मुलगी ३ वर्षांची असताना आम्ही काकांना ‘जेवायला येतो’ असं कळवून बसलो होतो. शेवटचे ४० किलोमीटर राहिले होते, पोर सलग तीन तास सीटमध्ये अडकलेली, रडून रडून आवाज बसलेला. मीच बायकोला म्हणालो, ‘घे तिला मांडीवर, आता आलंच की.’ दहाव्या मिनिटाला पुढची गाडी अचानक थांबली. आमचा वेग जेमतेम ४० असेल. धडक झालीच नाही, मी फक्त करकचून ब्रेक दाबला. तेवढ्यात मुलगी आईच्या हातातून निसटली आणि तिचं कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आपटलं. टेंगळावर निभावलं. काकांकडे जेवण गार झालं होतं आणि त्याबद्दल कुणी एक शब्दही बोललं नाही.

म्हणून मांडीचं उत्तर आधी: नाही, पाच मिनिटंही नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी कशावर आदळली, तर शरीर त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट जोराने पुढे फेकलं जातं. १० किलोचं बाळ त्या क्षणी हाताला दोन-तीनशे किलोचं होतं. तुम्ही कितीही घट्ट धरलं असलं, कितीही सावध असलात, तरी ते धरून ठेवणं माणसाच्या हाताला शक्य नाही. स्वतःच्या सीट बेल्टमध्ये बाळाला घेणं तर त्याहून वाईट, कारण तुमच्या शरीराचा सगळा भार बेल्टबरोबर बाळावर येतो.

आता ती सीटमध्ये का रडते, ते बघू. तुमच्या मुलीची सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवलेली हवी, आणि सीटवर लिहिलेल्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत, निदान दोन वर्षांची होईपर्यंत, तशीच राहू द्यायची. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. तोंड मागे असलं की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो, मानेला झटका बसत नाही. पाय दुमडले जातात म्हणून पुष्कळ लोक सीट लवकर फिरवतात. दुमडलेल्या पायांनी मुलाला काही होत नाही, ती घरीही तशीच बसतात. समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर ही सीट कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर आदळते.

रडण्याची कारणं बहुधा साधी निघतात. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. पाठीला घाम आलेला असतो. बकलचा तुकडा मांडीखाली रुतलेला असतो. अंगात जाड जाकीट असतं. जाकिटाचा दुसराही तोटा आहे: त्याच्या जाडीमुळे पट्टा घट्ट वाटतो आणि धक्क्याला कापूस दबून पट्टा सैल पडतो. तेव्हा जाकीट काढायचं, पट्टा बांधायचा आणि थंडी असेल तर वरून पांघरूण घालायचं. पट्टा बांधल्यावर गळ्याच्या हाडापाशी तो अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटा काढून बघा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर सैल आहे, आणखी ओढा. बोटं नुसतीच घसरली तर बरोबर. मागे तोंड असलेल्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघायला हवा. मोठ्याची सीट पुढे तोंड केलेली असेल तर खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून. मग सीट जिथे गाडीला बांधली आहे तिथे हाताने धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी करा, निघताना शेजारी टाटा करायला उभे असताना नको. आणि तोवर रोज दहा मिनिटं सीट घरात आणून तिला त्यात खेळायला बसवा. सीट ओळखीची झाली की निम्मं रडणं कमी होतं.

उरलेलं निम्मं रडणं सहन करायचं. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, अंग गरम नाही, तर थोडा वेळ रडण्याने बाळाला इजा होत नाही. तुम्हाला ऐकवत नसेल तर सुरक्षित जागा बघून थांबा, बाहेर काढा, कडेवर घ्या, फिरवा, पुन्हा बांधा.

रात्रीचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे: निघू नका. मुलं झोपतील हे खरंच आहे. प्रश्न चालवणाऱ्याच्या झोपेचा आहे. तुमचे पती सकाळी ६ला उठत असतील तर रात्री ११ला निघताना त्यांना जागून १७ तास झालेले असतील. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. अनेक देशांत याच पातळीच्या पुढे गाडी चालवणं गुन्हा ठरतो. म्हणजे तुमचा प्रवास जिथे सुरू होणार, तिथेच ही स्थिती आलेली असणार. पुढे पहाटे २ ते ६ हा शरीराच्या घड्याळातला सगळ्यांत खोल खड्डा. ताशी ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी आपली आपण चालली. चालवणाऱ्याला अशी डुलकी पुष्कळदा आठवतही नाही. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं, बडीशेप चघळणं यांनी झोप जात नाही, ती पाच-दहा मिनिटं लपते. शेजारचाही पेंगत असतो, कारण घरातले सगळे शांत झोपलेले असताना जागं राहणं फार अवघड असतं.

तुम्हाला मुलांच्या झोपेचा फायदा हवाच आहे ना? तर त्या रात्री लवकर झोपा आणि पहाटे ५ला निघा. मुलांना उठवून आवरायचं नाही, रात्रीच्या कपड्यांतच उचलून सीटमध्ये बांधायचं. पहिले दोन-अडीच तास ती झोपेत काढतात आणि चालवणारा ताजा असतो. दुपारी २ ते ४ ही पेंगेची दुसरी वेळ, त्या वेळेत चालक बदला किंवा थांबा. खरंच डोळा लागत असेल तर गाडी सुरक्षित जागी लावून, कॉफी पिऊन, लगेच १५-२० मिनिटं झोपायचं. कॉफीचा अंमल चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा उपयोग होतो. हा तात्पुरता उपाय आहे, त्यावर आणखी पाच तास ओढू नका.

आणि ६४० किलोमीटर एका दिवसात, या दोन वयांबरोबर, मी स्वतः करणार नाही. माझा हिशेब सोपा आहे. नकाशातल्या वेळेत तिचा तिसरा हिस्सा मिळवायचा. ११ चे १५ तास होतात. १५ तास म्हणजे दोन दिवस, मध्ये एक मुक्काम. मुक्कामाचा खर्च जिवावर येतो, मान्य. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं हसत उतरतात, आणि आजीला भेटायला तीच मुलं हवी असतात.

थांबा दर दोन तासांनी. दोन तास होताना मूल झोपलेलं असेल तर मोठ्याच्या बाबतीत आणखी अर्धा तास ढकलला तरी चालेल, धाकटीच्या बाबतीत नको. कार सीटमध्ये तान्ह्या मुलाची मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जितकं बाळ लहान तितका हा धोका जास्त. पहिल्या काही आठवड्यांत तर एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको असंच मी सांगतो. तुमची ९ महिन्यांची आहे, मान धरते, तरी दोन तासांनी बाहेर काढून सपाट जागी पाठीवर-पोटावर लोळू द्या. मागच्या सीटवर तिच्या शेजारी एक मोठं माणूस बसलेलं हवं. मागे तोंड असलेल्या बाळाचा चेहरा चालकाला दिसत नाही, आणि आरसा लावून बघत बसणं हा चालकासाठी आणखी एक चाळा होतो.

दूध पाजणं, भरवणं हे सगळं गाडी थांबवून. चालत्या गाडीत पाजायचं म्हणजे बाळ सीटबाहेर काढावं लागतं, आणि बाटली सीटमध्येच दिली तर ठसका लागू शकतो. मोठ्यालाही चालत्या गाडीत अख्खी द्राक्षं, दाणे, बदाम, कडक गोळ्या, मक्याच्या लाह्या देऊ नका. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या नेहमीच्या वस्तू ह्याच, आणि भर वेगात घशात काही अडकलं तर गाडी कडेला घेऊन, बकल सोडवून, मुलाला पालथं घालेपर्यंतचा वेळ फार मोठा असतो. द्राक्ष द्यायचंच असेल तर उभं चिरून, थांब्यावर.

थांबा म्हणजे पेट्रोल भरून लगेच निघणं नव्हे. वीस मिनिटं मोठ्याला पळू द्या. दगड गोळा करू द्या. मोठ्यांनी मोबाइल काढायचा नाही, एकाने मुलाचा हात धरायचा. वाहनतळावर चार वर्षांचं मूल चालकांच्या नजरेच्या खाली असतं.

आता मोठ्याची उलटी. यावर लोक औषधापासून सुरुवात करतात, मी औषधाने शेवट करतो. गाडी लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या मेंदूला सांगतात की आपण वळतोय, हिंदकळतोय. त्याच वेळी मुलाचे डोळे समोरच्या सीटच्या पाठीकडे किंवा मोबाइलकडे बघत असतात आणि सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोन बातम्या जुळल्या नाहीत की मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना हे क्वचितच होतं, दोन ते बारा वर्षांत जास्त. म्हणून धाकटीने गाडीत ओकलं तर आधी जास्त पाजलं का, पट्टा पोटावर दाबतोय का, ते बघा.

उपाय यातूनच निघतो. मुलाला समोरची काच दिसेल अशी जागा द्या. मागच्या सीटवर मधली जागा मिळाली आणि त्याची सीट तिथे नीट बसत असेल तर उत्तम. पुस्तक आणि मोबाइलचा पडदा बंद. ‘लांबचा डोंगर कोण आधी बघतं’ असला खेळ हे यावरचं खरं औषध आहे, कारण नजर दूर जाते. गोष्टी ऐकवा, दाखवू नका. निघण्याआधी तासभर काहीतरी कोरडं, हलकं खायला द्या; तुडुंब पोट वाईट आणि रिकामं पोटही वाईट. गाडीत सुगंधी फवारे मारू नका. आणि चालवणाऱ्याला सांगा, वळणावर आधी वेग कमी कर, वळणाच्या मध्यात ब्रेक मारू नकोस. चालवण्याची पद्धत बदलल्यावर गाडी लागायची थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. बापाला ते पटत नाही, हा भाग वेगळा.

लहान मूल ‘मळमळतंय’ असं म्हणत नाही. ते गप्प होतं. मग जांभया देतं, ओठांभोवती पांढुरकं दिसतं, कपाळावर घाम येतो, लाळ सुटते. बडबड्या मुलगा अचानक शांत झाला की आईबाप खूश होतात. तीच वेळ कडेला थांबण्याची असते. तिथे उतरून पाच मिनिटं मोकळ्या हवेत उभं केलं तर अर्ध्या वेळा उलटी टळते. टळली नाही तर तयारी हवी, आणि ती डिकीत नको, हाताशी हवी. एका पिशवीत मुलाचा एक कपड्यांचा जोड, एक जुना टॉवेल, ओलं फडकं, तोंड बांधता येईल अशा दोन-तीन छिद्र नसलेल्या पिशव्या आणि आईचाही एक सदरा. आईचा सदरा सगळे विसरतात. सीटचे पट्टे खराब झाले तर ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा. भिजत घालू नका, ब्लीच वापरू नका, विणीची ताकद जाते. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटं पोटाला विश्रांती, मग चमचा-चमचा पाणी किंवा जलसंजीवनी. गाडीतून उतरून काही तास झाले तरी उलट्या थांबत नसतील, किंवा बरोबर ताप, तीव्र डोकेदुखी, गुंगी असेल, उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, तर ते गाडी लागणं नव्हे, डॉक्टरांकडे जा.

एवढं करूनही नेहमी उलट्या होत असतील तर औषध आहे. ते प्रवासाआधी अर्धा ते एक तास द्यावं लागतं, मळमळ सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही. वजन बघून तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेलं द्या, मोठ्यांच्या गोळीचा तुकडा नको. या औषधांनी बहुतेक मुलं पेंगतात, पण काही मुलं उलट चेकाळतात, म्हणून पहिला डोस लांबच्या प्रवासाच्या दिवशी देऊ नका. एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा, तेही डॉक्टरांना विचारून. आणि मूल झोपावं म्हणून सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. दोन वर्षांखालच्या मुलांत यातल्या काही औषधांनी श्वास मंदावू शकतो.

करमणुकीवर फार लिहीत नाही. पडदा दाखवला म्हणून कुणी वाईट आईबाप होत नाही, तुमच्या मुलाला तो सोसत नाही एवढंच. खेळणी मऊ आणि एका वेळी एक. धातूची मोटार आणि पाण्याची जड बाटली धक्क्याच्या क्षणी दगडासारखी उडते. मागच्या काचेपाशी काहीही ठेवू नका.

पोहोचल्यानंतरची पहिली दहा मिनिटं मला सगळ्यांत जास्त धास्तीची वाटतात. गाडी आवारात शिरते, घरातली मुलं पळत येतात, चालक जागा करण्यासाठी गाडी मागे घेतो. मागच्या काचेतून दोन-तीन वर्षांचं मूल दिसत नाही. आजीला फोनवर हेच सांगा: गाडी बंद होऊन चावी निघेपर्यंत सगळी पोरं कुणाच्या तरी हातात धरलेली हवीत. निघतानाही तेच. मग सामान आत, गळाभेटी, आणि प्रत्येकाला वाटतं की बाळ दुसऱ्याकडे आहे. बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान साधारण १० अंशांनी चढतं आणि लहान मुलाचं शरीर मोठ्यांच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. एका माणसाचं नाव ठरवा, ज्याने मागची सीट हाताने चाचपून दार लावायचं. सीटमध्येच झोपलेली धाकटी ‘झोपू दे’ म्हणून सीटसकट घरात ठेवू नका. काढून सपाट अंथरुणावर पाठीवर निजवा.

आजोळ हे लहान मुलांचं घर नसतं, आता ते म्हाताऱ्या माणसांचं असतं. आजोबांची रक्तदाबाची आणि साखरेची औषधं उशाशी किंवा रोजच्या खणांच्या डबीत असतात, आणि ती डबी मुलाला खुळखुळ्यासारखी वाटते. यातली एखादी गोळीसुद्धा लहान मुलाला दवाखान्यात पोहोचवू शकते. चहा व्हायच्या आधी घरभर एक फेरी मारा: गोळ्या उंचावर, पाण्याच्या बादल्या रिकाम्या, जिन्याला अडसर. रांगणाऱ्या मुलाला बुडायला काही सेंटिमीटर पाणी पुरतं. कुणाला राग येईल असं वाटत असेल तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

आणि आजीला आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला लागेल. आठ-नऊ महिन्यांच्या वयात परका चेहरा बघून रडणं हे बाळ नीट वाढत असल्याचं लक्षण आहे. नात आजीला बघून किंचाळली तर आजी नावडती नाही. तिने लगेच हात पुढे करून उचलू नये, जमिनीवर बसावं, मोठ्या नातवाशी बोलावं, धाकटीकडे बघूही नये. आईच्या मांडीवरून ती आपणहून सरकत येईल. माझ्या आईने माझ्या मुलीच्या वेळी असं अर्धा तास लसूण सोलत काढला होता. एकविसाव्या-बाविसाव्या पाकळीला पोरीने टोपलीत हात घातला.

परतीला निघताना दुपारच्या जेवणाचा आग्रह होईल. जेवून निघालात तर तुम्ही बरोबर २ला रस्त्यावर असाल. त्यापेक्षा एक रात्र जास्त राहा.